तात्यांचा डावा पाय

"पावणं, हलू नगासा. तेल डोळ्यांत जाईल."

सासूबाईंनी दटावलं म्हणून मी हललो नाही, नाहीतर मला पाटावरून उठून अंगणात पळायचं होतं. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. सासुरवाडी विट्याजवळच्या एका वाडीत. थंडीत पडवीत पाटावर मी फक्त पंचा लावून बसलेला, बायको सुवर्णा पाठीला तेल रगडतेय, तिची आई वाटी धरून उभी, आणि बाहेर अंगणात सासऱ्यांनी मोटार सुरू केलेली. सुरू केलेली म्हणजे काय, ती नुसती आचके देत होती. भग-भग-फुस्. भग-भग-फुस्. प्रत्येक 'फुस्'ला पडवीतल्या मांडणीवरचे पितळी डबे किणकिणत होते.

"तात्या, क्लच! आवं, पाय पुरा दाबा की!" हा आवाज संपतरावांचा, म्हणजे सुवर्णाच्या थोरल्या भावाचा.

"दाबलाय!" हा तात्यांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

"मग गाडी नाचतीया कशापायी?"

तेवढ्यात गाडीनं मोठा गचका दिला, हातभर पुढे सरकली आणि बंद पडली. मग सुवर्णानं माझी पाठ सोडून बाहेर डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "माझा मोर गेला." पहाटे उठून तिनं काढलेल्या रांगोळीतल्या मोराची मान टायरखाली आली होती.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि तिसऱ्या दिवशी भाऊबीज. हा हिशोब मला अजून पाठ आहे, कारण त्या तीन दिवसांत मी जन्मात केला नव्हता असा एक उद्योग केला. तो मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही.

तात्या म्हणजे केरबा मुळीक. एकतीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली आणि एकतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही. तसं प्रमाणपत्रच होतं त्यांच्याकडे. काचेत बसवून ते त्यांनी दाराच्या चौकटीवर टांगलं होतं, देवांच्या तसबिरींपेक्षा वीतभर वर. निवृत्तीनंतर त्यांनी एक लहानशी पेट्रोलची मोटार घेतली. तिला ते रोज पुसायचे आणि आठवड्यातून दोनदा कुणाला तरी कुठेतरी सोडायला न्यायचे. कुणी नसलं तर शेळीच्या पिलाला डॉक्टरकडे. सगळं सुरळीत चाललेलं असताना दसऱ्यानंतर गाडी थरथरायला लागली. चढावर ओढेना. विट्याच्या चौकात ऐन बाजाराच्या दिवशी बंद पडली, आणि ती ढकलायला जे चौघे धावले त्यांतले दोघे संपतरावांच्या शाळेतले निघाले. संपतराव तिथे हेडक्लार्क.

त्या संध्याकाळी संपतरावांनी घरात जाहीर केलं, की तात्यांचा डावा पाय आता क्लचवर नीट पडत नाही. वय झालं. पाडव्याला गाडीची किल्ली देवापुढे ठेवायची आणि तिथून ती संपतरावांनी उचलायची. यापुढे तात्यांनी मागच्या सीटवर बसायचं.

संपतराव वाईट माणूस नव्हे. ते भ्याले होते एवढंच. पण भ्यालेला माणूस आवाज चढवतो, आणि त्यांचा मुळातच चढा होता.

आंघोळ आटोपून मी चहाचा कप घेऊन अंगणात आलो, तर तात्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून टायरला चिकटलेली रांगोळी फडक्यानं पुसत होते. मला पाहिल्यावर उठले. आजूबाजूला बघितलं.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "तुमी ह्यातलं मास्तर. मला खरं खरं सांगायचं. माजा पाय गेलाय, का गाडी गेलीया?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बघू की तात्या."

"बघू न्हवं. पाय गेला आसंल तर मी सोता किल्ली दीन. संपतला मागायबी लावनार न्हाई. पन गाडी गेली आसंल आन् नाव माज्या पायाचं हुत आसंल, तर..." त्यांनी फडकं झटकलं. "परवा भाऊबीज हाय. चाळीस वर्सं झाली, खिंडीपल्याड भनीकडं मी सोता जातुय. सायकलीवर ग्येलो, यष्टीनं ग्येलो. मागं बसून कंदी ग्येलो न्हाई."

एक तर मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. दुसरं म्हणजे माझ्या पाचावर धारण बसली.

कारण मास्तर मी होतो, पण कसला? कऱ्हाडच्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला मी सात वर्षं 'इग्निशन सिस्टीम' हा धडा शिकवत होतो. माझ्यासमोर एक इंजिन होतं, मधोमध कापलेलं, लाल-निळा रंग दिलेलं. हँडल फिरवलं की त्याचे पिस्टन वर-खाली व्हायचे. ते इंजिन कधी पेटलं नव्हतं आणि पेटणार नव्हतं, त्यामुळे बिघडणारही नव्हतं. माझी स्वतःची स्कूटर बंद पडली की मी ती ढकलत मेकॅनिककडे न्यायचो, तीही मागच्या गल्लीनं, आमचे विद्यार्थी दिसू नयेत म्हणून. सोयरीक जुळवताना आमच्या काकांनी 'मुलगा गाड्यांतला डॉक्टर आहे' असं सांगितलं होतं. मी तेव्हा लाजून खाली बघितलं, ते विनयानं असावं असा सगळ्यांचा समज झाला.

"गाडीची सेवा करन्यात मी कमी ठेवलं न्हाई," तात्या सांगत होते. "खंडेनवमीला सोता पूजा केली. डेपोत यष्टीची करायचो तश्शी. हार, हळदकुंकू, नारळ, समदं रीतसर. डेपोत माजी गाडी कंदी रस्त्यात हुबी ऱ्हायली न्हाई."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र नाही. मी मनातल्या मनात धड्याचं पान नंबर आठवत होतो.

नऊ वाजता अंगणात गाडीची तपासणी सुरू झाली. सासूबाईंनी पहिला अडथळा आणला. आहेरातला पांढराशुभ्र सफारी मी घातला होता, तो पाहून त्यांनी बजावलं, "जावयानं सनाच्या दिवशी त्येलात हात घालायचं न्हाई. गाव काय म्हनंल?" मग खुर्ची आली. खुर्चीवर चौघडी घातलेली चादर आली. शेजारी स्टुलावर चकल्या, चिवडा आणि करंज्यांची ताटली आली. मी बॉनेटपासून चार हातांवर खुर्चीत बसून तपासणी करायची आणि हात तात्यांनी चालवायचे, असं ठरलं. मला तर देव पावला. खुर्चीत बसून शिकवणं एवढंच मला येत होतं.

"आधी पायाचा प्रश्न मिटवू," मी म्हणालो. "तात्या, गाडी न्यूट्रलला टाका, सुरू करा, आणि दोन्ही पाय दाराबाहेर काढा."

तात्यांनी तसं केलं. दोन्ही पाय अंगणात सोडून ते सीटवर आडवे बसले. भग-भग-फुस्. गाडी हलत होती, तिच्याबरोबर तात्या हलत होते, त्यांच्या टोपीचं टोक हलत होतं.

"बग संपत!" ते थरथरत्या आवाजात ओरडले. थरथर गाडीची होती. "दोनी पाय भाईर हायत! बग! मोज!"

"मग आदीच बिघडवलाय क्लच तुमी," संपतराव म्हणाले. "आता पाय भाईर काढून काय उपेग?"

मला ते अगदीच नाकारता येईना. तेवढ्यात मी उघड्या दारातून मीटरकडे पाहायला म्हणून खुर्चीतूनच मान लांब केली आणि मला तिथे एक टिकली दिसली. लाल, मध्यम आकाराची, वेगाच्या काट्याच्या जरा खाली, काचेवर चिकटवलेली.

"हे काय आहे?"

मग सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "मीच लावलीया. आत एक पिवळा डोळा हुता. सारका उघडझाप करायचा. मला न्हाई बगवलं."

मी टिकली काढायला सांगितली. तिच्याखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत होता. तीन आठवडे बिचारा ओरडून सांगत होता, आणि सासूबाईंनी त्याला सौभाग्याचं लेणं चढवून गप्प केलं होतं.

आता मात्र मला धीर आला. हे माझ्या धड्यात होतं, पान एकशे बारा. "दिवा लुकलुकतोय याचा अर्थ क्लचचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "आत एखादं सिलिंडर पेटत नाही. डिझेलचं इंजिन दाबानं पेटतं, तात्या. पेट्रोलला ठिणगी लागते. ठिणगी प्लग पाडतो, आणि प्लगला झटका देते कॉइल. या गाडीत तीन सिलिंडर, म्हणून तीन कॉइल, एकेका प्लगच्या डोक्यावर एकेक बसवलेली."

"म्हंजी तीन गडी आन् तिगांस्नी काडी वडून देनारी तीन मान्सं," तात्या म्हणाले.

सात वर्षांत माझ्या वर्गात हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा.

"आता गाडी चालू ठेवा. एकेका कॉइलची वायर काढायची आणि परत लावायची. वायर काढल्यावर आवाज पडला, तर तो गडी कामावर होता. आवाज आहे तसाच राहिला, तर..."

"उमगलं," तात्या म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजही वर्गात सांगतो, नाव न घेता. संपतरावांना त्यांनी वायर काढायला लावलं आणि स्वतः गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहिले. संपतरावांनी एक नंबरची वायर काढली. इंजिन धापा टाकायला लागलं. "गडी कामावर हाय. लाव," तात्या म्हणाले. संपतरावांनी ती लावली आणि दोन नंबरची काढली. मला काही फरक कळला नाही. संपतरावांनाही नाही. तात्या मात्र पाठमोरेच म्हणाले, "ह्यो कामावरच न्हाई. लाव परत." तीन नंबरची काढली. इंजिन पुन्हा धापा टाकायला लागलं. "ह्यो हाय. दोन नंबरचा गडी सुट्टीवर गेलाय."

एकतीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेले ते कान. मी चकली मोडायची विसरलो.

"वायर ढिली आसंल," संपतराव म्हणाले. हार मानायला त्यांना जड जात होतं.

"त्यालाही उपाय आहे," मी म्हणालो. मी आता खुर्चीत मावेनासा झालो होतो. "दोन नंबरची कॉइल तीनवर बसवायची आणि तीनची दोनवर. बिघाड कॉइलमध्ये असेल तर तो तिच्याबरोबर तीनवर जाईल. वायरमध्ये असेल तर दोनवरच राहील."

तात्यांनी गाडी बंद केली, इंजिन जरा निवू दिलं आणि दोन नंबरच्या कॉइलचा नट सैल केला. कॉइल उपसून काढली. तिच्या रबरी पायावर वरून खाली एक पांढुरकी जळकी रेघ उमटली होती आणि पाय चिकट झाला होता. "चष्मा आनतो," म्हणून ते घरात गेले. संपतरावांना फोन आला, ते गोठ्याकडे गेले. सासूबाई आणि सुवर्णा मोराची मान दुरुस्त करत होत्या.

मी एकटा. पांढऱ्या सफारीत. समोर उघडं बॉनेट. खुर्चीतून उठलो.

आधी मला मुंग्या दिसल्या. सकाळपासून त्या दिसत होत्या खरं तर. पुढच्या टायरवरून वर चढणारी एक बारीक काळी रांग. सासूबाईंनी सांगितलं होतं की त्या रोज सकाळी येतात, गाडी गरम झाली की जातात, आणि त्यांना मारायचं नाही, त्या लक्ष्मीबरोबर येतात. आता त्या पळापळ करत होत्या, पण रांगेचा रोख कुठे आहे ते कळत होतं. बरोबर दोन नंबर. मी वाकलो. कॉइल जिथे बसते त्या खळग्याच्या कडेला, दोन नळ्यांच्या बेचक्यात, काहीतरी अडकलं होतं. अंगठ्याएवढं. एका बाजूनं तपकिरी, एका बाजूनं कधीकाळी पांढरं असावं असं. त्याला हळदकुंकू लागलेलं आणि नारळाच्या शेंडीचे दोन केस चिकटलेले.

खोबरं होतं ते.

खाली प्लगच्या खोल भोकात चिकट पाण्याचा ओशट थर चमकत होता.

आता मला तात्यांचं सकाळचं वाक्य ऐकू आलं. डेपोत यष्टीची करायचो तश्शी. जुन्या एस.टी.त ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावर जाड लोखंडी झाकण असायचं. खंडेनवमीला त्याच्यावर नारळ आपटायचा आणि पाणी वर शिंपडायचं. डिझेलच्या त्या धुडाला ना ठिणगी ना कॉइल, त्याला कसली भीती? तात्यांनी तीच पूजा इथे केली होती. रीतसर. बॉनेट उघडून, भक्तिभावानं, थेट इंजिनावर. नारळाचं गोड पाणी झिरपत आत गेलं, दोन नंबरच्या कॉइलला भिडलं, आणि ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी भलत्याच वाटेनं पळायला लागली.

तात्यांनी मला विचारलं होतं, पाय गेलाय का गाडी गेलीया. दोन्ही नव्हतं. आणि हे संपतरावांना कळलं असतं, तर त्यांनी दारावरच्या प्रमाणपत्राखाली उभं राहून म्हटलं असतं, बघा, ज्याला इंजिनावर नारळ फोडू नये एवढं कळत नाही त्याच्या हातात किल्ली द्यायची? मग पाय ठणठणीत असूनही किल्ली गेलीच असती.

"काय गावलं, दाजी?"

संपतराव फोन खिशात टाकत येत होते. दहा पावलांवर. खोबरं मी नुकतंच उपसून चिमटीत धरलेलं. खिशात टाकावं तर पांढरा सफारी, आणि खोबऱ्याला तेल लागलेलं, हळद लागलेली. खाली टाकावं तर सारवलेल्या अंगणात लगेच दिसलं असतं. वर मुंग्या त्याच्यामागे जाणार. डावीकडे सासूबाई, उजवीकडे बायको.

मी ते तोंडात टाकलं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. एवढं हे, की ते तीन आठवडे इंजिनावर भाजत होतं. साबण, रॉकेल आणि जुन्या देव्हाऱ्यातला तेलकटपणा यांची एकत्र चव मी त्याआधी घेतली नव्हती, नंतरही नाही. शिवाय त्याच्यावरच्या सगळ्या मुंग्या उतरलेल्या नव्हत्या.

"काय खाताय?" संपतरावांनी विचारलं.

"कअंजी," मी म्हणालो, आणि फराळाच्या ताटलीकडे बोट दाखवलं.

त्याच वेळी बॉनेटच्या पलीकडून तात्यांचा आवाज आला. "चष्मा मिळाला." ते कधी येऊन उभे राहिले होते मला कळलंच नव्हतं. डोळ्यांवर चष्मा होता, पण नजर खाली, पान्याकडे. ते तीन नंबरच्या कॉइलचा नट फिरवायला लागले. यांनी काही पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि डोळ्यांतून पाणी काढत गिळून टाकलं.

मग मी माझा नवा रुमाल स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून दोन नंबरचं भोक स्वच्छ कोरडं केलं. सासूबाई "आवं पावणं, आवं पावणं" करत राहिल्या. कॉइलींची अदलाबदल झाली. गाडी सुरू केली. तात्या पुन्हा पाठ करून उभे राहिले. आता दोन नंबर कामावर होता आणि तीन नंबर सुट्टीवर.

"रोग कॉइलसंगं ग्येला," तात्या म्हणाले.

सुवर्णा स्कूटीवरून विट्याला गेली. लक्ष्मीपूजनाचा दिवस, म्हणून स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं. तिथे मालक रांगोळी घालत होता. तिनं रांगोळी पुरी होऊ दिली, दोन ठिपके कमी होते ते सांगितले आणि नवी कॉइल घेऊन तासाभरात परत आली. तात्यांनी ती बसवली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली की नाही हे बघायला संपतरावांना बॉनेटवर हात ठेवावा लागला. मांडणीवरचा एकही डबा वाजला नाही. पिवळा डोळा थोड्या वेळानं आपोआप मिटला.

संपतरावांनी स्वतः एक फेरी मारली. परत आले, गाडी लावली. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "पन कॉइल गेली कशानं, दाजी?"

माझी जीभ तोवर सुजली होती. दोन मुंग्यांनी आपलं काम केलं होतं.

"उत्नतेनं," मी म्हणालो.

"कशानं?"

"उष्णतेनं म्हनत्यात," तात्या मध्येच म्हणाले. "मास्तर हायत त्ये. त्यांस्नी ठावं."

हे सगळं सुखरूप पार पडलं असं मला वाटलं होतं. पण संध्याकाळी पूजा झाली, सगळे ओसरीवर आले आणि बघतो तर तात्या नवं धोतर, डोक्यावर टोपी, एका हातात हळदकुंकवाचं तबक आणि दुसऱ्या हातात शेंडीचा नारळ घेऊन गाडीकडे निघालेले. अमावास्या होती. अमावास्येला वाहनाला नारळ, हाही डेपोतला रिवाज. त्यांनी बॉनेट उघडण्यासाठी आत हात घातला.

"तात्या!" मी एवढ्या जोरात ओरडलो की कंदिलाखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. "आमच्याकडे... लक्ष्मीपूजनाला बॉनेट उघडत नाहीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुवर्णा तर जास्तच. आमच्याकडे मोटारच नव्हती.

पण जावयानं 'आमच्याकडे' म्हटलं, की सासुरवाडीला पुढे बोलता येत नाही. पहिल्या दिवाळीला तर नाहीच. सासूबाईंनी लगेच विचारलं, "मंग नारळ कुटं फोडत्यात तुमच्याकडं?"

"चाकापुढे. दगडावर. आणि पाणी... पाणी चाकावर घालतात. वर नाही. वर अजिबात नाही."

तात्यांनी बॉनेटचा खटका सोडला. माझ्याकडे बघितलं. कंदिलाचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता, त्यामुळे मला त्यांचे डोळे दिसले नाहीत. "बरं," ते म्हणाले. "पावण्यांची रीत. आपुनबी पाळू." आणि त्यांनी चाकापुढे दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला किल्ली देवापुढे ठेवलेली होती, ठरल्याप्रमाणे. संपतराव आंघोळ करून आले, नमस्कार केला, किल्ली उचलली आणि जरा वेळ तळहातावर खेळवली. मग ती तात्यांच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "पन खिंड चढलासा की मला फोन करायचा." त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

भाऊबीजेला तात्यांनी मला शेजारी बसवून नेलं. खिंडीचा चढ गाडी हसतखेळत चढली. वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, संपतरावांना फोन केला, आणि मग रस्त्याकडे बघतच मला विचारलं, "म्हंजी माजा पाय न्हवं न्हवं?"

"नाही तात्या. पाय ठणठणीत आहे."

त्या तीन दिवसांत मी जे काही बोललो त्यातलं हे एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि ते बोलताना मला इतका आनंद झाला की जीभ दुखायची थांबली.

त्यानंतर तात्यांनी सहा वर्षं गाडी चालवली. दर अमावास्येला नारळ चाकापुढे फुटायचा. आजूबाजूच्या चार घरांनीही ती रीत उचलली. कऱ्हाडकडची आहे, असं तिथे सांगतात.

सातव्या वर्षीच्या पाडव्याला आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. तात्या देवघरातून आले, त्यांच्या हातात किल्ली होती. ती त्यांनी संपतरावांच्या पुढ्यात ठेवली. कुणी मागितली नव्हती.

"आता पाय गेला," ते म्हणाले. "मागच्या मंगळवारी खिंडीत येळंवर उचलला न्हाई. काय झालं न्हाई. पन मला कळलं."

संपतरावांनी किल्लीला हातही लावला नाही. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी का रडवेला झालो, हे कुणाला कळलं नसावं.

तात्या मात्र प्रसादाचं ताट घेऊन सगळ्यांना वाटत होते. एकेकाला चिमूटभर साखर, एकेक खोबऱ्याचा कपटा. माझ्यापाशी आल्यावर ते थांबले. त्यांनी ताटात बोट फिरवलं, सगळ्यांत मोठा तुकडा निवडला, तो उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासला, आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"खावा, पावणं," ते हळूच म्हणाले. "ह्यो ताजा हाय. मुंग्याबी न्हाईत."